अ‍ॅडॉल्फ सुट्रो: चांदीच्या खाणीतला बोगदा ते सॅन फ्रान्सिस्कोचं महापौरपद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅडॉल्फ सुट्रो कोण होते?

प्रशियातल्या आखेन शहरात २९ एप्रिल १८३० रोजी एका ज्यू कुटुंबात जन्मलेले, विशीत अमेरिकेला आलेले, नेवाडातल्या चांदीच्या खाणींखाली सुमारे सव्वासहा किलोमीटरचा बोगदा खणणारे आणि म्हातारपणी, १८९५ ते १८९७ या काळात, सॅन फ्रान्सिस्कोचे २४ वे महापौर झालेले गृहस्थ. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं नाव टेकडीला आहे, उद्यानाला आहे, ग्रंथालयाला आहे. तरीही तिथे राहणाऱ्या अनेकांना हे नाव एका माणसाचं होतं एवढंच ठाऊक असतं.

त्यांच्या आयुष्याविषयी लिहिणारे बोगदा आणि राजकारण ही दोन वेगळी प्रकरणं मानतात. मला ती एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. दोन्ही ठिकाणी लढा मक्तेदारीशी होता. ज्या हट्टाने बोगदा पुरा झाला, त्याच हट्टाने महापौरपदाची दोन वर्षं वाया घालवली. खालच्या उत्तरांत हे वारंवार येईल.

ते अमेरिकेत का आले?

वडिलांची लोकरी कापडाची गिरणी होती. मुलं डझनभराच्या आसपास. वडील गेले, पाठोपाठ १८४८ च्या क्रांतीची धामधूम आली आणि धंदा बसला. १८५० मध्ये आईने मुलांना घेऊन अटलांटिक ओलांडला. बाकीचं कुटुंब बाल्टिमोरला स्थिरावलं. अ‍ॅडॉल्फ मात्र पनामामार्गे थेट कॅलिफोर्नियाला निघाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. सोन्याच्या ओढीने आलेल्या हजारोंपैकी ते एक. पण नदीत उभं राहून वाळू चाळण्याऐवजी त्यांनी तंबाखू आणि चिरूट विकण्याचं दुकान टाकलं. पुढची जवळपास दहा वर्षं याच धंद्यात गेली.

त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती का?

नव्हती. लहानपणापासून यंत्रांची आवड आणि किशोरवयात गिरणीत केलेलं काम, एवढंच शिक्षण. नेवाडातल्या त्याच चांदीच्या खाणींमध्ये फिलिप डायडेसहायमर नावाचे दुसरे जर्मन स्थलांतरित होते. ते फ्रायबर्गच्या नामांकित खाण अकादमीत शिकलेले. त्यांनी १८६० मध्ये लाकडी चौकटी एकमेकींवर रचून खाणीचं छत तोलून धरण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर वापरली गेली. सुट्रोंकडे असलं काही नव्हतं.

पण १८६० च्या सुमारास नेवाडात गेल्यावर त्यांनी डेटन गावाजवळ कार्सन नदीच्या काठी खनिज दळून चांदी वेगळी काढणारी गिरणी उभारली. इतरांनी टाकून दिलेल्या गाळातून उरलीसुरली चांदी काढण्याचं काम तिथे चालायचं. हे काम करता करता ते धातुशास्त्र शिकले, खाणी शिकले, पाण्याचा आणि उताराचा हिशेब शिकले. त्या काळात पश्चिमेकडचे बरेच इंजिनिअर असेच तयार झाले, त्यामुळे त्यांना इंजिनिअर म्हणण्यात मला काही चूक दिसत नाही.

बोगद्याची गरज मुळात का पडली?

कॉमस्टॉक लोड म्हणजे नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या डोंगराच्या पोटातला चांदी आणि सोन्याचा प्रचंड पट्टा. १८५९ मध्ये तो उघडकीला आला आणि तिथे एकामागून एक खाणी सुरू झाल्या. चांदी जितकी खोल, तितक्या अडचणी जास्त.

पहिली अडचण पाणी. थोडं खोल गेलं की खडकाच्या भेगांतून पाणी फुटायचं, आणि तेही गरम. पंपांनी ते शेकडो फूट वर उपसायचं, त्यासाठी बॉयलर पेटते ठेवायचे आणि बॉयलरसाठी आसपासचे डोंगर बोडके करून सरपण आणायचं. दुसरी अडचण हवा. खालच्या भागात उष्णता इतकी असायची की कामगारांना थोडा वेळ काम करून बर्फाजवळ बसावं लागायचं. तिसरी अडचण वाहतुकीची. माल आधी वर ओढायचा आणि मग डोंगर उतरून नदीकाठच्या गिरण्यांकडे न्यायचा. आणि वर जाण्याची वाट एकच असल्याने खाली काही घडलं तर माणसं अडकायची.

सुट्रोंचं म्हणणं सरळ होतं. डोंगराच्या पायथ्यापासून आडवा बोगदा खणत खाणींच्या खाली न्या. पाणी आपल्याआप वाहून जाईल, हवा खेळेल, माल उतारावरून बाहेर येईल, आणि संकटात माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट मिळेल. १८६० मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रातून त्यांनी हे मांडलं होतं. आखेनचा एक तरुण दुकानदार, खाणीत नवखा, पहिल्या भेटीतच ही गोष्ट पाहतो याचं मला आजही नवल वाटतं.

परवानगी मिळाली, मग काम अडलं का?

परवानगी लवकर मिळाली. फेब्रुवारी १८६५ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने ५० वर्षांचा हक्क दिला आणि जुलै १८६६ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने स्वतंत्र कायदा केला. खाण कंपन्यांनीही करार केले: बोगदा झाला की निघणाऱ्या खनिजावर टनामागे २ डॉलर रॉयल्टी. भांडवलाची आश्वासनंही मिळाली.

मग १८६७ मध्ये सगळ्यांनी हात वर केले. यामागे बँक ऑफ कॅलिफोर्निया होती. विल्यम राल्स्टन सॅन फ्रान्सिस्कोत बसून तिचा कारभार पाहत आणि व्हर्जिनिया सिटीत विल्यम शॅरन हे त्यांचे प्रतिनिधी. शॅरन गिरणीमालकांना सढळ हाताने कर्ज देत आणि हप्ते थकले की गिरण्या ताब्यात घेत. त्यातूनच बँकेच्या माणसांनी गिरण्यांची कंपनी काढली, लाकडाचा आणि पाण्याचा व्यवहार हाती घेतला आणि खनिज वाहण्यासाठी व्हर्जिनिया अँड ट्रकी ही रेल्वे बांधली.

आता सुट्रोंच्या आराखड्याचा अर्थ पाहा. माल बोगद्यातून बाहेर येणार, बोगद्याच्या तोंडाशी सुट्रो नावाचं नवं गाव वसणार, गिरण्या तिथे जाणार. म्हणजे बँकेच्या गिरण्या, बँकेची रेल्वे आणि व्हर्जिनिया सिटीतली मालमत्ता, सगळ्यालाच धक्का. सुट्रो हे लपवतही नव्हते, उलट जाहीरपणे सांगत होते. सुरुवातीला राल्स्टननी त्यांना शिफारसपत्र दिलं होतं. हिशेब ध्यानात आल्यावर बँकेने न्यूयॉर्कपासून युरोपपर्यंत त्यांच्यासाठी दारं बंद होतील अशी तजवीज केली.

सुट्रोंना वाटाघाटी जमत नव्हत्या. बँकेला थोडा वाटा देऊन बोगदा कदाचित दहा वर्षं आधी झाला असता. पण त्यांनी बँकेला लोकांसमोर उघडं पाडायचं ठरवलं, आणि राजकारणी म्हणून त्यांची खरी सुरुवात इथे झाली असं मी मानतो.

यलो जॅकेट खाणीच्या आगीचा यात काय संबंध?

७ एप्रिल १८६९ रोजी गोल्ड हिलमधल्या यलो जॅकेट खाणीत आग लागली. शेजारच्या केंटक आणि क्राउन पॉइंट या खाणी तिला आतून जोडलेल्या. धूर आणि विषारी वायू तिन्हींत पसरले आणि किमान ३५ कामगार गेले. बहुतेक जण आगीने नव्हे, गुदमरून मेले. आतल्या लाकडांचा धुमसता भाग नंतर कित्येक महिने विझला नाही.

सुट्रोंनी हा प्रसंग कामगारांसमोर नेला. २० सप्टेंबर १८६९ रोजी व्हर्जिनिया सिटीच्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांनी भाषण केलं. बोगदा असता तर ही माणसं खालून चालत बाहेर आली असती, असा त्याचा गाभा. सोबत चित्रांचे फलकही होते. एकीकडे बोगद्यातून सुखरूप निघणारे खाणकामगार, दुसरीकडे धुरात कोंडलेले. बँकेच्या मालकांची नावं घेऊन ते बोलले. कामगार संघटनेने ५०,००० डॉलरचे शेअर घ्यायचं ठरवलं. दिवसाला ४ डॉलर कमावणाऱ्या माणसांनी गोळा केलेला हा पैसा होता. १९ ऑक्टोबर १८६९ रोजी डेटनजवळ पहिली कुदळ पडली.

काही जण म्हणतात की त्यांनी मृतांचा वापर करून घेतला. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या वाटेची मागणी ते नऊ वर्षं करत होते. आग लागल्यावर गप्प बसले असते, तर तेच गैर ठरलं असतं.

बोगदा प्रत्यक्षात कसा खणला?

सुरुवातीला हाताने. छिन्नी-हातोड्याने भोकं पाडायची, दारू भरायची, उडवायचं, राडारोडा खेचरांच्या गाड्यांतून बाहेर काढायचा. १८७० च्या दशकाच्या मध्यावर दाबलेल्या हवेवर चालणारी बर्ली ड्रिल यंत्रं आली आणि वेग कितीतरी वाढला. पैसा कामगारांच्या वर्गणीनंतर मुख्यत्वे लंडनच्या मॅक्कॅल्मॉन्ट ब्रदर्स या पेढीकडून आला.

वाटेत हवेसाठी उभ्या विहिरी खणायच्या होत्या, त्यातल्या काहींनी पाण्यामुळे दगा दिला. शेवटच्या टप्प्यात बोगद्याच्या टोकाशी तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं. सुट्रो स्वतः आत जात, कामगारांबरोबर थांबत. अखेर ८ जुलै १८७८ रोजी २०,४८९ फुटांवर सॅव्हेज खाणीशी बोगदा जोडला गेला. तिथे डोंगराच्या माथ्यापासून खोली साधारण १,६५० फूट होती.

मग बोगदा यशस्वी ठरला का?

बांधकाम म्हणून हो. धंदा म्हणून नाही.

बोगदा पोहोचला तोवर खाणी त्याच्या पातळीच्याही खाली, २,००० फुटांपलीकडे गेल्या होत्या. चांदीचे मोठे साठे संपत आले होते. म्हणजे पाणी बोगद्याच्या पातळीपर्यंत तरी उपसावंच लागणार होतं. अर्थात तिथून पुढची सोळाशे फुटांची उपसणी वाचली, आणि बोगद्याने पुढे कित्येक वर्षं दिवसाला लाखो गॅलन पाणी वाहून नेलं.

खाण कंपन्या रॉयल्टी द्यायला तयार नव्हत्या. फेब्रुवारी १८७९ मध्ये सॅव्हेजच्या परिसरात गरम पाण्याचा मोठा लोंढा फुटला आणि कंपन्यांनी तो सरळ बोगद्यात सोडला. करार मान्य नाही, पण बोगदा वापरणार, असा तो प्रकार. सुट्रोंनी बोगदा भिंत घालून बंद करण्याची तयारी केली, तेव्हा कंपन्या बोलायला आल्या. नव्या करारात कमी प्रतीच्या खनिजावर टनाला १ डॉलर आणि चांगल्या प्रतीच्या खनिजावर २ डॉलर ठरले.

त्यांनी शेअर विकून काढता पाय घेतला, हे खरं का?

खरं आहे. करार झाल्यावर लवकरच त्यांनी आपले शेअर हळूहळू विकले आणि १८८० च्या सुमारास नेवाडा सोडलं. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि १८८९ मध्ये नव्या नावाने उभी राहिली. तो कायदेशीर घोळ निस्तरण्यात त्यांचे वकील बंधू थिओडोर पुढे होते. मागे राहिलेल्या शेअरधारकांचं नुकसान झालं. कामगारांच्या वर्गणीवर काम सुरू करणाऱ्या माणसाने सर्वांत आधी बाहेर पडावं, ही बाब मला खटकते. त्यांच्या चाहत्यांनी ती झाकायचं कारण नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्याकडे इतकी जमीन कशी आली?

१८८० च्या आसपास शहरात मंदी होती आणि पश्चिमेकडचा समुद्राकाठचा वाळूचा पट्टा कोणाला नको होता. सुट्रोंनी तो घेत नेला. एका टप्प्यावर शहराच्या साधारण बाराव्या हिश्श्याचे ते मालक होते. पार्नासस टेकडीवर त्यांनी निलगिरी आणि इतर झाडं दाट लावली. तीच टेकडी आज माउंट सुट्रो. नोव्हेंबर १८८६ मध्ये कॅलिफोर्नियाचा पहिला वृक्षारोपण दिन साजरा झाला, त्यातही त्यांचा पुढाकार होता. शाळकरी मुलांना त्यांनी रोपं वाटली.

समुद्रावर नजर ठेवून असलेल्या कड्यावर त्यांनी घर केलं, भोवती बाग फुलवली, युरोपातल्या शिल्पांच्या प्रतिकृती मांडल्या. ही बाग, सुट्रो हाइट्स, त्यांनी लोकांसाठी खुली ठेवली. खालचं क्लिफ हाउस हे उपाहारगृहही विकत घेतलं. जानेवारी १८८७ मध्ये डायनामाइटने भरलेलं एक जहाज त्याच्या पायथ्याशी फुटलं, तरी ते तगलं. १८९४ च्या नाताळात मात्र जळून गेलं. मग १८९६ मध्ये मनोऱ्यांचं, राजवाड्यासारखं नवं क्लिफ हाउस उभं राहिलं. १९०६ चा भूकंप त्याने पचवला आणि पुढच्याच वर्षी तेही आगीत गेलं.

पाच सेंटचं भांडण काय होतं?

त्यांच्या राजकारणाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

शहराच्या मध्यापासून समुद्र बराच लांब. बग्गी परवडणारे लोक तिथे सहज जात. कामगाराला रविवारी बायकामुलांना घेऊन जायचं तर स्वस्त गाडी हवी. सुट्रोंनी आधी एका गाडी कंपनीशी पाच सेंट भाड्याची बोलणी केली होती. १८९३ मध्ये शहरातल्या अनेक मार्गांचं मार्केट स्ट्रीट रेल्वे या एका कंपनीत विलीनीकरण झालं. तिच्यामागे सदर्न पॅसिफिक होती, म्हणजे तेव्हा कॅलिफोर्नियावर राज्य करणारी रेल्वे कंपनी. लोक तिला ऑक्टोपस म्हणत. नव्या कंपनीने समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत बदलीचं, म्हणजे आधीच्या गाडीत काढलेलं, तिकीट चालवायला नकार दिला. एका फेरीचे पाचाऐवजी दहा सेंट झाले. नवरा-बायको आणि तीन मुलांना जाऊन येऊन पूर्ण डॉलर.

सुट्रो भडकले. वृत्तपत्रांतून, सभांतून ते तुटून पडले. रेल्वेच्या गाडीने येणाऱ्यांना त्यांनी आपल्या बागेत फुकट प्रवेश बंद केला. शेवटी स्वतःचीच विजेवर चालणारी गाडी काढली आणि १८९६ च्या सुरुवातीला पाच सेंटात माणसं समुद्रावर नेऊ लागले.

यात त्यांचा स्वार्थ होता का? होता. भाडं कमी तर समुद्राकाठच्या त्यांच्या स्नानगृहाला (त्याविषयी पुढे) गिऱ्हाईक जास्त. पण म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. शहराच्या परवान्यावर आणि रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीने शहरातल्या माणसाकडून दुप्पट पैसे का घ्यावेत, या प्रश्नाला रेल्वेकडे उत्तर नव्हतं.

ते महापौर कसे झाले?

या भांडणामुळेच. १८९४ च्या निवडणुकीत पीपल्स पार्टीने, म्हणजे शेतकरी आणि कामगारांच्या मक्तेदारीविरोधी पक्षाने, त्यांना उमेदवारी दिली. श्रीमंत जमीनमालक अशा पक्षाचा उमेदवार असणं विचित्र दिसतं, पण मतदारांना त्यांच्यात ऑक्टोपसशी भिडणारा माणूस दिसला. नेवाडातून सिनेटवर जाण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. इथे ते सहज जिंकले आणि जानेवारी १८९५ मध्ये पदावर बसले. वय ६४.

महापौर म्हणून त्यांनी काय केलं?

फार थोडं. त्याची दोन कारणं.

पहिलं कारण व्यवस्थेचं. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा १८५६ च्या कायद्यावर चालत होतं. महापौराच्या हाती अधिकार मोजके. पैसा, कंत्राटं आणि मार्गांचे परवाने यांवर १२ जणांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचं, म्हणजे नगरमंडळाचं, वर्चस्व, आणि त्यातले बरेच जण कंपन्यांच्या खिशात. महापौर नकाराधिकार वापरी आणि मंडळ तो उडवून लावी. नव्या सनदेचा, म्हणजे शहराच्या कारभाराच्या नव्या कायद्याचा, प्रयत्न १८९६ मध्ये मतदानात हरला. ती झाली १८९८ मध्ये, सुट्रोंच्या नंतर.

दुसरं कारण स्वभावाचं. बोगद्यावर ते मालक होते. त्यांचा शब्द शेवटचा असे. मंडळात शत्रूंशीही रोज बसावं लागतं, एक देऊन एक घ्यावं लागतं, मतं जुळवावी लागतात. ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि शिकायची तयारीही दाखवली नाही. पदावरून उतरल्यावर त्यांनी स्वतःच याची कबुली दिली: आयुष्यभर हाताखालची माणसं सांगितलेलं ऐकत आली, राजकारण्यांना मात्र आवरता आलं नाही. त्यात मधुमेहाने प्रकृती खालावत होती. जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फेलन महापौर झाले, तेव्हा सुट्रोंना सुटकाच वाटली असावी.

एक काम मात्र आजही उभं आहे. १८९५ मध्ये त्यांनी पार्नासस टेकडीजवळची १३ एकर जमीन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या व्यावसायिक महाविद्यालयांसाठी दिली. आज तिथे यूसीएसएफ हे जगातल्या आघाडीच्या वैद्यकीय विद्यापीठांपैकी एक आहे. हे दान त्यांनी खासगी मालक म्हणून दिलं होतं.

फंडिंग बिलाच्या लढ्यात त्यांचा वाटा काय?

१८६० च्या दशकात खंडपार रेल्वे बांधण्यासाठी अमेरिकी सरकारने रोखे काढून कंपन्यांना कर्ज दिलं होतं. ३० वर्षांनी ते फेडायची वेळ आली. सदर्न पॅसिफिकचे कॉलिस हंटिंग्टन यांना परतफेड अत्यल्प व्याजाने कित्येक दशकं पुढे ढकलायची होती. त्यासाठीचं विधेयक म्हणजे फंडिंग बिल. सुट्रोंनी महापौरपदाचं वजन वापरून याविरुद्ध राळ उठवली. काँग्रेस सदस्यांना पत्रं धाडली. पाकिटांवरच हंटिंग्टन यांची चोर म्हणून टर उडवणारा मजकूर छापलेला असे. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचं एक्झॅमिनर वृत्तपत्रही या लढ्यात होतं. जानेवारी १८९७ मध्ये प्रतिनिधीगृहाने विधेयक फेटाळलं. १८९९ मध्ये ठरलेल्या तडजोडीनुसार कंपनीला कर्ज दहा वर्षांत फेडावं लागलं.

हे यश एकट्या सुट्रोंचं नाही. पण शत्रू एक, मागणी एक, आणि गाठ थेट जनतेशी, अशा लढाईत ते किती प्रभावी ठरत, ते इथे पुन्हा दिसलं.

सुट्रो बाथ्स म्हणजे काय?

क्लिफ हाउसशेजारच्या खाचेत बांधलेलं काचेच्या छताचं प्रचंड स्नानगृह. १४ मार्च १८९६ रोजी, ते महापौर असतानाच, खुलं झालं. सात तलाव: सहा खाऱ्या पाण्याचे, वेगवेगळ्या तापमानाचे, आणि एक गोड्या पाण्याचा. भरतीच्या लाटा खडकातल्या टाकीत घ्यायच्या आणि तिथून बोगद्याने तलावांत सोडायच्या, अशी रचना. पूर्ण भरतीत साधारण तासाभरात सगळे तलाव भरत. पाण्याला उतार देऊन वाट काढण्याची जी विद्या त्यांनी नेवाडात वापरली, तीच इथे उलट्या दिशेने वापरली आहे.

छताला एक लाख काचा, कपडे बदलायला ५१७ खोल्या, भाड्याने द्यायला २०,००० पोहण्याचे पोशाख आणि ४०,००० टॉवेल. घसरगुंड्या, उडी मारायच्या फळ्या, झोके. भोवती ममी, भुसा भरलेले प्राणी, कलाकृती यांचं संग्रहालय. पोहायला आलेल्या माणसाने जाता जाता काहीतरी शिकावं हा त्यामागचा आग्रह. चालवायला ते कायम महाग पडलं. २६ जून १९६६ रोजी, पाडकाम चालू असताना, आगीत संपलं.

तिथे सगळ्यांना प्रवेश होता का?

नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय सुट्रोंची ओळख पुरी होत नाही. ४ जुलै १८९७ रोजी जॉन हॅरिस नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ मित्रांसोबत तिथे गेले. आत सोडलं, पण पाण्यात उतरू दिलं नाही. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला होता. हॅरिस त्याखाली न्यायालयात गेले आणि जिंकले. भरपाई १०० डॉलर मिळाली. त्या राज्यातल्या नागरी हक्कांच्या इतिहासात हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

चिनी स्थलांतरितांबद्दलही सुट्रोंची भूमिका उघड विरोधाची होती. स्वतः परक्या देशातून, परक्या भाषेतून आलेला, ज्यू म्हणून टोमणे सोसलेला माणूस दुसऱ्या स्थलांतरितांसाठी दार लावून घेतो. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचे बहुतेक राजकारणी असंच बोलत होते, हे खरं. तरी त्यांच्यासारख्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणं मला रास्त वाटतं.

त्यांच्या ग्रंथसंग्रहाचं काय झालं?

१८८० च्या दशकात त्यांनी युरोपात प्रतिनिधी नेमून पुस्तकं अक्षरशः घाऊक विकत घेतली: बव्हेरियातल्या मठांचे संग्रह, मेक्सिकोतल्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याचा सारा साठा, १५०१ पूर्वी छापलेली हजारो पुस्तकं, शेक्सपिअरचा फर्स्ट फोलिओ, म्हणजे त्याच्या नाटकांची पहिली एकत्रित आवृत्ती. दोन लाखांवर ग्रंथ. शहरात अभ्यासकांसाठी मोठं सार्वजनिक ग्रंथालय बांधायचं होतं. इमारत कधीच झाली नाही. पुस्तकं दोन ठिकाणी साठवली होती. १९०६ च्या आगीत एक गोदाम गेलं आणि संग्रहाचा निम्म्याहून अधिक भाग राख झाला. माँटगोमेरी ब्लॉक इमारतीतला भाग वाचला. १९१३ मध्ये वारसांनी तो राज्य ग्रंथालयाला दिला, संग्रह सॅन फ्रान्सिस्कोतच राहील या अटीवर. आज तो सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे आणि कोणालाही वापरता येतो.

कुटुंब?

पत्नी लीआ हॅरिस, सहा मुलं. नेवाडाच्या अखेरच्या काळात पतिपत्नी वेगळी झाली आणि लीआ १८९३ मध्ये वारल्या. थोरली मुलगी एमा डॉक्टर झाली. त्या काळात स्त्रीने वैद्यकीय पदवी घेणं दुर्मीळ होतं.

त्यांचा शेवट कसा झाला?

महापौरपद सोडल्यावर वर्षभरात त्यांची बुद्धी साथ देईनाशी झाली. १८९८ च्या सुरुवातीला न्यायालयाने एमांना पालक नेमलं. ८ ऑगस्ट १८९८ रोजी ते गेले. जमीन अफाट, रोकड जवळपास नाही आणि कर्ज बरंच, अशी अवस्था होती. मृत्युपत्रात मालमत्तेचा मोठा भाग धर्मादाय कामासाठी ठेवला होता. वारस न्यायालयात गेले आणि ती तरतूद रद्द ठरली. जमीन वर्षानुवर्षं तुकड्यांनी विकली गेली. सुट्रो हाइट्सवर एमा १९३८ पर्यंत राहिल्या, त्यानंतर ती बाग शहराकडे आली.

आज काय पाहता येतं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला सुट्रो बाथ्सचे पाये आणि तलावांच्या भिंती. तो भाग आता गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात येतो. वरच्या बाजूला सुट्रो हाइट्सची बाग. माउंट सुट्रोवरचं निलगिरीचं रान, ज्यात पायवाटा आहेत. नेवाडात डेटनजवळ बोगद्याचं तोंड. गेल्या काही वर्षांत एक स्वयंसेवी संस्था तिथे जतनाचं काम करते आहे. दोन्ही ठिकाणं पाहायची असतील तर आधी डेटनला जा. तिथला उजाड माळ आणि समोरचा डोंगर पाहिला की सव्वासहा किलोमीटर म्हणजे काय ते कळतं.

सुट्रो टॉवर त्यांनीच बांधला का?

नाही. तो लाल-पांढरा, ९७७ फुटी दूरचित्रवाणी मनोरा १९७३ चा आहे. सुट्रोंच्या नातवाचा बंगला जिथे होता त्या जागेवर तो उभा राहिला, म्हणून हे नाव.